समतोलाचा आकडा

रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘समतोल स्थिरांक’ हा शब्द आला की पुष्कळ विद्यार्थी एक सूत्र पाठ करतात, उदाहरणातले आकडे त्यात घालतात आणि येईल ते उत्तर चौकटीत लिहून मोकळे होतात. उत्तर चुकले तर ते कुठे चुकले हे कळत नाही. बरोबर आले तर का बरोबर आले, हेही कळत नाही. म्हणून आज आपण सूत्र थोडा वेळ बाजूला ठेवू आणि एखाद्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊ. हा स्थिरांक आपल्याला तिथल्या कपाटातच सापडेल.

समजा, या वाचनालयात ३०० पुस्तके आहेत. रोज सकाळी कपाटात जेवढी पुस्तके असतील त्यांचा दहावा भाग वाचक घरी नेतात, आणि बाहेर जेवढी असतील त्यांचा पाचवा भाग परत येतो. वाचनालय उघडले त्या दिवशी सर्वच्या सर्व ३०० पुस्तके कपाटात होती. पहिल्या दिवशी ३० बाहेर गेली. परत यायला बाहेर काही नव्हतेच. उरली २७०. दुसऱ्या दिवशी २७ गेली आणि ६ परत आली. कपाटात २४९, बाहेर ५१. तिसऱ्या दिवशी सुमारे २५ गेली आणि १० आली. कपाटात २३४, बाहेर ६६. पुढचे आकडे तुम्ही वहीत मांडून पाहा. जाणारी पुस्तके दिवसेंदिवस कमी होत जातील, येणारी वाढत जातील, आणि शेवटी कपाटात २०० व बाहेर १०० अशी स्थिती येईल. मग रोज २० जातील आणि २० येतील. कपाटाकडे पाहणाऱ्याला वाटेल की आता कुणी पुस्तकांना हात लावत नाही. पण ग्रंथपालाला विचारा! त्याचे काम क्षणभरही थांबलेले नाही.

हाच समतोल. आता त्यातल्या चार गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली : सुरुवातीला सगळी पुस्तके बाहेर असती, तरी अखेर २०० आणि १०० हेच आकडे आले असते. दुसरी : कुणी ९० पुस्तके देणगी दिली, तर काही दिवस गडबड होईल आणि मग कपाटात २६०, बाहेर १३० अशी वाटणी होईल. पुस्तके बदलली, पण बाहेरच्या पुस्तकांना कपाटातल्या पुस्तकांनी भागले तर १/२ हाच भागाकार येतो. हा १/२ म्हणजे १/१० भागिले १/५. जाण्याच्या वेगाचा आकडा भागिले येण्याच्या वेगाचा आकडा. तिसरी : समजा, एक चपळ मदतनीस आला आणि देवघेव दोन्ही बाजूंनी दुप्पट वेगाने होऊ लागली. समतोल लवकर येईल, पण भागाकार १/२ च राहील. रसायनशास्त्रात अशा मदतनिसाला उत्प्रेरक म्हणतात. चौथी : मे महिन्याची सुट्टी लागली आणि कपाटातला पाचवा भाग रोज बाहेर जाऊ लागला, परतीचा वेग मात्र तोच राहिला. आता भागाकार १ होईल. ऋतू बदलला की स्थिरांक बदलतो. रासायनिक क्रियेत ऋतूचे काम तापमान करते.

रेणूंची देवघेव

आता वाचनालयाऐवजी काचेचा बंद फुगा घ्या. त्यात हायड्रोजन वायू आणि आयोडीनची जांभळी वाफ आहे. सुमारे ४५० अंश सेल्सिअसला दोघांचा संयोग होऊन हायड्रोजन आयोडाइड हा रंगहीन वायू तयार होऊ लागतो. जांभळा रंग फिका होतो. पण काही वेळाने फिका होणे थांबते, नाहीसा मात्र होत नाही. कारण तयार झालेला हायड्रोजन आयोडाइड फुटून पुन्हा हायड्रोजन आणि आयोडीन होत असतात.

हायड्रोजन + आयोडीन ⇌ २ हायड्रोजन आयोडाइड

वाचनालयात प्रत्येक पुस्तक एकटे बाहेर जात होते. इथे दोन रेणूंची गाठ पडावी लागते. मैदानात डोळे बांधलेली काही मुले निळ्या टोप्या घालून आणि काही लाल टोप्या घालून फिरत आहेत असे समजा. निळ्या टोप्यांची मुले दुप्पट केली तर निळ्या-लाल टकरा दुप्पट होतील. लाल टोप्याही दुप्पट केल्या तर टकरा चौपट होतील. म्हणून पुढे जाणाऱ्या क्रियेचा वेग हायड्रोजनची संहती आणि आयोडीनची संहती यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. संहती म्हणजे एका लिटरात किती मोल. उलट क्रियेत हायड्रोजन आयोडाइडच्या दोन रेणूंची गाठ पडायची, म्हणून तिथे त्याच्या संहतीचा वर्ग येतो. समतोलात दोन्ही वेग सारखे. म्हणून,

स = (हायड्रोजन आयोडाइडची संहती)² ÷ (हायड्रोजनची संहती × आयोडीनची संहती)

‘स’ हा समतोल स्थिरांक. सूत्रातला वर्ग कुठून आला हे आता पाठ करावे लागणार नाही. संतुलित समीकरणात ज्या पदार्थापुढे २ आहे त्याचा वर्ग, ३ असेल त्याचा घन. क्रिया प्रत्यक्षात अनेक पायऱ्यांनी घडत असली तरी समतोलाचे सूत्र असेच राहते, कारण समतोलात प्रत्येक पायरी आपापल्या जागी तोललेली असते.

हे कसे कळले?

सन १७९८ मध्ये नेपोलियनच्या मोहिमेबरोबर बर्थोले हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ इजिप्तला गेला होता. तिथल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी त्याला धुण्याच्या सोड्याचे थर दिसले. प्रयोगशाळेत धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड एकत्र केले की चुनखडी आणि मीठ तयार होते. सरोवरात मात्र मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा तयार होत होता. म्हणजे क्रिया उलटी चालली होती! मिठाचे प्रचंड प्रमाण हे त्याचे कारण, हे बर्थोलेने ओळखले. पदार्थ कोणते यावर क्रिया अवलंबून असतेच, पण ते किती यावरही अवलंबून असते.

पुढे १८६२ मध्ये बर्थेलो आणि पेआँ द सँ-झिल या दुसऱ्या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी यावर आकडे मांडले. (बर्थोले आणि बर्थेलो या नावांत गोंधळ करू नका, दोघे वेगळे.) व्हिनेगरला आंबटपणा देणारे ॲसिटिक आम्ल आणि इथिल अल्कोहोल यांपासून इथिल ॲसिटेट हा फळासारख्या वासाचा पदार्थ आणि पाणी तयार होते. एक मोल आम्ल आणि एक मोल अल्कोहोल घेतले, तर कितीही वाट पाहिली तरी दोन तृतीयांश आम्लच बदलते, असे त्यांना आढळले. उलट, इथिल ॲसिटेट आणि पाणी घेऊन सुरुवात केली तरी मिश्रण त्याच ठिकाणी येऊन ठरते. दोन वर्षांनी, १८६४ मध्ये, नॉर्वेतील गुल्डबर्ग आणि वोगे यांनी अशा आकड्यांतून वस्तुमान-क्रियेचा नियम मांडला. पण लेख नॉर्वेजियन भाषेत असल्यामुळे तो फारसा कुणी वाचला नाही! १८६७ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १८७९ मध्ये जर्मनमध्ये त्यांनी तो पुन्हा सांगितला, तेव्हा कुठे त्याचा गवगवा झाला.

आता गणित

समतोलाचे कोणतेही गणित चार पायऱ्यांनी सुटते. संतुलित समीकरण लिहा. प्रत्येक पदार्थाखाली तीन ओळी मांडा : सुरुवात, बदल, समतोल. समतोलाच्या ओळीतले आकडे सूत्रात घाला. शेवटी उत्तर पुन्हा सूत्रात घालून पडताळा पाहा.

उदाहरण १. वरच्या प्रयोगावरून स काढा.

आम्ल + अल्कोहोल ⇌ इथिल ॲसिटेट + पाणी
सुरुवात : १, १, ०, ०
बदल : −२/३, −२/३, +२/३, +२/३
समतोल : १/३, १/३, २/३, २/३

स = (२/३ × २/३) ÷ (१/३ × १/३) = ४

तुम्ही विचाराल, लिटरचे काय झाले? मिश्रण किती लिटर आहे हे आपण पाहिलेच नाही! इथे दोन्ही बाजूंना दोन-दोन मोल आहेत, म्हणून वरचे लिटर आणि खालचे लिटर छेदून जातात. ही सवलत नेहमी मिळत नाही, हे मात्र विसरू नका. आणखी एक गोष्ट. सूत्रात पाणी आले आहे, कारण इथे ते क्रियेतून तयार झालेला पदार्थ आहे. ज्या क्रिया भरपूर पाण्यातच घडतात, तिथे पाण्याची संहती जवळजवळ बदलत नाही, म्हणून ते सूत्रात लिहीत नाहीत.

उदाहरण २. एक मोल आम्लाबरोबर दोन मोल अल्कोहोल घेतले तर किती आम्ल बदलेल?

क्ष मोल बदलेल असे मानू.

सुरुवात : १, २, ०, ०
बदल : −क्ष, −क्ष, +क्ष, +क्ष
समतोल : १ − क्ष, २ − क्ष, क्ष, क्ष

क्ष² ÷ [(१ − क्ष)(२ − क्ष)] = ४
म्हणून ३क्ष² − १२क्ष + ८ = ०

या वर्गसमीकरणाची मुळे ०.८४५ आणि ३.१५५. दोन उत्तरे आली, आता कोणते खरे? बीजगणिताला दोन्ही सारखीच प्रिय. पण आपल्याजवळ आम्ल मुळात एकच मोल आहे. त्यातून ३.१५५ मोल बदलणार कसे? म्हणून ०.८४५ हेच उत्तर. दर वर्षी काही विद्यार्थी दुसरे मूळ निवडतात आणि पुढचे सगळे गणित अगदी टापटिपीने सोडवतात. कागदावर आम्ल उणे दोन मोल उरते, तरी त्यांना शंका येत नाही! मित्रांनो, क्ष हे नुसते अक्षर नव्हे. बाटलीतल्या पदार्थाचे ते माप आहे, हे एकदा मनात ठसले की ही चूक होणार नाही.

पडताळा पाहू. ०.८४५ चा वर्ग ०.७१४. खाली ०.१५५ × १.१५५ = ०.१७९. भागाकार ३.९९, म्हणजे ४. उत्तर बरोबर! अल्कोहोल दुप्पट केल्यावर ६७ टक्क्यांऐवजी सुमारे ८५ टक्के आम्ल बदलले. आम्ल महाग आणि अल्कोहोल स्वस्त असेल, तर कारखानदार नेमके हेच करील. सरोवरातल्या मिठाने तरी दुसरे काय केले होते?

उदाहरण ३. एक लिटरच्या फुग्यात एक मोल हायड्रोजन आणि एक मोल आयोडीन आहे. सुमारे ४५० अंशांना स = ५० धरू. समतोलात काय असेल?

क्ष मोल हायड्रोजन वापरला गेला तर समतोलात १ − क्ष, १ − क्ष आणि २क्ष. शेवटचा आकडा क्ष नाही, २क्ष आहे, हे पाहा. कारण एकेका हायड्रोजन रेणूमागे हायड्रोजन आयोडाइडचे दोन रेणू तयार होतात.

(२क्ष)² ÷ (१ − क्ष)² = ५०

इथे वर्गसमीकरण सोडवत बसायची गरज नाही. दोन्ही बाजूंचे वर्गमूळ घ्या.

२क्ष ÷ (१ − क्ष) = ७.०७, म्हणून क्ष = ०.७८

हायड्रोजन आयोडाइड १.५६ मोल, हायड्रोजन आणि आयोडीन प्रत्येकी ०.२२ मोल. पडताळा : १.५६² ÷ ०.२२² = ५०.३. दोन दशांश स्थळांपर्यंत घेतलेल्या आकड्यांना हे पुरेसे आहे.

आकड्यावरून वाद

इतका वेळ केलेले हे गणित परीक्षेपुरतेच असते, असे वाटत असेल तर पुढची हकीकत वाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेतीसाठी लागणारे नायट्रोजनयुक्त क्षार मुख्यतः चिली देशातल्या खाणींतून येत. हवेत नायट्रोजन अमाप. पण तो हायड्रोजनशी जोडून अमोनिया करता येईल का?

नायट्रोजन + ३ हायड्रोजन ⇌ २ अमोनिया

जर्मनीतील फ्रिट्झ हाबर याने सुमारे १००० अंशांना आणि साध्या दाबाला हा समतोल मोजला. अमोनिया मिळाला तो शेकडा ०.००५ ते ०.०१२ इतकाच, आणि १९०५ मध्ये हाबरने यातला मोठा आकडा धरला. वाल्थर नर्न्स्ट या शास्त्रज्ञाने उष्णतेविषयीच्या आपल्या नव्या सिद्धान्तावरून हिशेब केला, तेव्हा उत्तर याहून बरेच कमी आले. १९०७ मध्ये हॅम्बुर्गच्या सभेत त्याने हाबरचा आकडा चूक असल्याचे सर्वांसमोर सांगितले.

हा फरक किती मोठा, ते आपणही काढू शकतो. वायूंसाठी संहतीऐवजी प्रत्येकाचा आंशिक दाब घेतात. एकूण दाब १ वातावरण असेल तर नायट्रोजन जवळजवळ ०.२५ आणि हायड्रोजन ०.७५. हायड्रोजनचा घन घ्यायचा : ०.७५³ = ०.४२. छेद झाला ०.२५ × ०.४२ = ०.१०५. अमोनिया शेकडा ०.०१२, म्हणजे दाब ०.०००१२, त्याचा वर्ग करून ०.१०५ ने भागला की स येतो कोटीत सुमारे १.४. हाच अमोनिया शेकडा ०.००५ धरला तर स येतो कोटीत ०.२४. मोजमापातली अडीचपटीची चूक स्थिरांकात जवळजवळ सहापट होते, कारण सूत्रात अमोनियाचा वर्ग आहे.

हाबरला हा अपमान फार लागला. पण त्याने रागाचे रूपांतर कामात केले. रॉबर्ट ल रोसिन्योल या कुशल सहकाऱ्याबरोबर त्याने ३० वातावरण दाबाला पुन्हा मोजमाप केले. दाब का वाढवला? समीकरण पाहा. डावीकडे चार रेणू, उजवीकडे दोन. दाब ३० पट केला की अमोनियाचा टक्काही सुमारे ३० पट होतो, आणि मग तो अचूक मोजता येतो. नवा आकडा ०.००५ च्या जवळपास आला. नर्न्स्टचा आक्षेप खरा ठरला होता. पण या फेरमोजणीतच हाबरला वाट सापडली. तापमान खाली आणायचे, दाब खूप वाढवायचा, आणि क्रियेला वेग देणारा उत्प्रेरक शोधायचा. ५०० अंशांना, साध्या दाबाला, समतोलात अमोनिया शेकडा ०.१ च्या आसपास असतो. २०० वातावरण दाबाला तो सुमारे १८ होतो. राहिलेले वायू वाया घालवायचे नाहीत. अमोनिया थंड करून काढून घ्यायचा आणि उरलेले मिश्रण पुन्हा फिरवायचे, म्हणजे समतोल कधी पुरा होऊच द्यायचा नाही. जुलै १९०९ मध्ये या यंत्रातून थेंबाथेंबाने द्रव अमोनिया पडू लागला, आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे कारखाना सुरू झाला.

याच अमोनियापासून पहिल्या महायुद्धात स्फोटके झाली, आणि हाबरने स्वतः विषारी वायूंच्या युद्धात पुढाकार घेतला, हेही विसरून चालणार नाही. पण आज जगातल्या जवळपास निम्म्या लोकांचे अन्न या अमोनियापासून होणाऱ्या खतांवर पिकते, असा अंदाज आहे. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बे आणि अलिबागजवळ थळ येथील खतकारखाने याच समीकरणावर चालतात. शेतावर युरियाची गोणी दिसली, तर हे सूत्र आठवा.

सांभाळायच्या गोष्टी

सूत्रात सुरुवातीचे आकडे घालू नका, समतोलाचे घाला. दोन्ही बाजूंचे मोल सारखे नसतील तर लिटरने भागून संहती काढायला विसरू नका. शुद्ध घन पदार्थ सूत्रात लिहू नका; चुनखडी बंद भांड्यात तापवली तर समतोल ठरतो तो फक्त कार्बन डायऑक्साइडच्या दाबावर, चुनखडीचा ढीग लहान की मोठा यावर नव्हे. आणि स सांगताना तापमान सांगा. तापमानावाचून स्थिरांक म्हणजे गावावाचून पत्ता!

शिक्षकांना वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. दोन सारखी मोजपात्रे घ्या. एकात १०० मिलिलिटर रंगीत पाणी, दुसरे रिकामे. एक जाड आणि एक बारीक काचनळी घ्या. जाड नळी पहिल्या पात्रात आणि बारीक दुसऱ्यात तळापर्यंत बुडवा, वरची तोंडे बोटांनी बंद करा, आणि नळ्यांत आलेले पाणी एकाच वेळी समोरच्या पात्रांत सोडा. असे पुनःपुन्हा करा आणि दर खेपेला पातळ्या लिहून ठेवा. काही वेळाने पातळ्या बदलेनाशा होतील, पण दोन्ही सारख्या नसतील. ‘समतोल म्हणजे दोन्हीकडे निम्मे निम्मे’ हा समज मग कायमचा जाईल.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. तीन मोल इथिल ॲसिटेट आणि तीन मोल पाणी एकत्र केले. आम्ल आणि अल्कोहोल मुळीच नाही. समतोलात चौघांचे किती किती मोल असतील? क्रिया आता उलट दिशेने लिहिली आहे, तेव्हा स ४ राहील का, याचा आधी विचार करा. वर्गमूळ घेता येते, आणि उत्तरे पूर्णांकात येतात. पूर्णांक आले नाहीत तर तीन ओळी पुन्हा मांडा. चूक तिथेच सापडेल.